कल्पनेवर मालकी कोणाची?

‘ओपन सोर्स आहे ना, मग काळजी कसली?’ असे सर्रास म्हटले जाते. हा समज इतिहासाला धरून नाही, असे आम्हाला वाटते.

कॉपीराइट आणि पेटंट यांत मूलभूत फरक आहे. कॉपीराइट लिहिलेल्या कोडचे रक्षण करतो. पेटंट त्यामागच्या पद्धतीवरच मालकी सांगते. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1989 मध्ये जीपीएल परवाना आणला. वापरा, बदला, वाटा. पण पुढच्यालाही तोच हक्क द्या, ही त्याची अट. मात्र परवाना देता येतो तो आपल्या कोडचा. तिसऱ्याच्या पेटंटपुढे तो ढाल ठरत नाही.

जिफ चित्रांचेच पाहा. कॉम्प्युसर्व्हने 1987 मध्ये जिफ आणले. त्यात फाइल लहान करण्याची जी पद्धत होती, तिचे पेटंट युनिसिसकडे होते. 1994 च्या अखेरीस शुल्काची मागणी झाली. ज्याने कोणाची एक ओळही उचलली नव्हती, तोही अडकला. मग प्रोग्रामरांनी एकत्र येऊन पीएनजी हा पर्याय घडवला.

भारतात 2002 च्या दुरुस्तीने ‘कॉम्प्युटर प्रोग्राम पर से’, म्हणजे निव्वळ प्रोग्राम, पेटंटच्या बाहेर ठेवला. डिसेंबर 2004 च्या वटहुकमाने त्यात पळवाट काढली: उद्योगातील तांत्रिक उपयोग किंवा हार्डवेअरशी जोड असेल, तर पेटंट मिळेल. हार्डवेअरशिवाय कोणता प्रोग्राम चालतो? विरोध झाला. सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते आणि त्यांचाही विरोध होता. 2005 च्या कायद्यातून ती पळवाट गेली. त्याच वर्षी 6 जुलैला युरोपीय संसदेनेही सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव 648 विरुद्ध 14 मतांनी फेटाळला.

लढाई इथेच संपली का? नाही. ऑगस्ट 2015 मध्ये पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी दार पुन्हा किलकिले केले. विरोधानंतर डिसेंबरमध्ये त्या स्थगित झाल्या. 2016 च्या सूचनांत नव्या हार्डवेअरची अट आली, 2017 मध्ये ती गेली. कलमातला शब्दही बदलला नाही. बदलला तो अर्थ लावण्याचा निकष.

म्हणून कोड शिकणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे आहे: कोडबरोबर कायदाही वाचा. संसदेत मिळवलेला हक्क कार्यालयातल्या परिपत्रकाने निसटू शकतो, आणि ती परिपत्रके वाचणारे आपल्यात फार थोडे आहेत.