चौदा दिवसांची चढण

साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला हिमालय ठाऊक झाला तो थोडा यात्रेकरू म्हणून आणि बराचसा शिपाई म्हणून. माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी हे सैन्यात शुश्रूषा सहायक होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीन हिमनदीवर, सुमारे १९,६०० फुटांवरील चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले, त्यांत ते होते. धारवाडकडचे हनुमंतप्पा कोप्पद तेवढे सहा दिवसांनी जिवंत सापडले. ११ फेब्रुवारीला तेही गेले.

बर्फाची भिंत कोसळणे माणसाच्या हाती नाही, हे खरे. पण त्या मुलखात माणूस घाईनेही मरतो, आणि घाई ही बहुधा दुसऱ्या कोणी लावलेली असते. १९६२ च्या चीन युद्धात सपाटीवरची माणसे थेट उंचावर नेली गेली. फुप्फुसांत पाणी भरून धडधाकट जवान कोसळले. लष्करी डॉक्टर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. सैन्याचा आजचा नियम असल्याच अनुभवातून आला आहे: ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्यावर पुन्हा चार. पहिले दोन दिवस तर विश्रांतीच. (आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांचे, तिथली सवय इथे उपयोगी पडत नाही.) डोके दुखून ओकारी आली तर पुढे चढू नये, बसल्या जागी धाप लागली वा तोल जाऊ लागला तर रात्र असली तरी खाली उतरावे. हिमनदीवर ताजे बर्फ खोल भेगा झाकते, म्हणून एका दोराला बांधून चालावे; ऊन चढून बर्फ मऊ होण्याआधी, पहाटेच निघावे.

मी शाळा अर्धवट सोडलेला युनियनवाला. मला या चौदा दिवसांत कामगाराची रजा दिसते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. म्हणजे २४० दिवस राबणाऱ्याला बारा. आमच्यातला एक तरुण फिटर हिमनदी पाहायला निघाला, तेव्हा त्याच्या गाठीला नऊ दिवस होते, त्यांतले चार रेल्वेत जाणार. मी हिशेब मांडून दाखवला. तो हसला आणि गेला. तिसऱ्या मुक्कामी डोके ठणकू लागले. सोबतचे म्हणाले, पैसे भरलेत, चल. तो एका वाटाड्याबरोबर खाली उतरला. कारखान्यात महिनाभर त्याची थट्टा झाली. आता तो रजा साठवतो आहे. परवा विचारले तेव्हा एकवीस दिवस झाले होते.