गवतावरचे न्यायासन

मध्य आफ्रिकेतील रवांडा हा टेकड्यांचा देश. तेथील भाषेत 'गचाचा' या शब्दाचे मूळ गवतात आहे. गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरली, बांध सरकला, वाटणीवरून भाऊ भांडले, की वडीलधारी मंडळी हिरवळीवर बसून निवाडा करीत. आपल्याकडच्या पारावरील पंचायतीचेच हे भावंड म्हणावयाचे. निवाड्यानंतर दोन्ही पक्षांनी एकत्र बसून घरची बियर प्यावी, म्हणजे वैर मिटले. या साध्या संस्थेच्या माथी इतिहासाने पुढे जे ओझे ठेवले, ते कोणत्याही गावकीला पेलण्याजोगे नव्हते.

हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, टेकडीही एक. परंतु 1930 नंतरच्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी ओळखपत्रावर प्रत्येकाची जमात नोंदविली. 6 एप्रिल 1994 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले आणि हीच ओळखपत्रे नाक्यानाक्यावर मृत्यूची आज्ञापत्रे ठरली. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते, आणि त्यांना मारू न इच्छिणारे हुतूही होते. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते.

जुलैमध्ये तुत्सीप्रधान 'देशभक्त आघाडी'च्या सैन्याने देश जिंकला आणि कत्तल थांबली. मग तुरुंग भरू लागले. काहीशे कैद्यांसाठी बांधलेल्या गितारामाच्या तुरुंगात 1995 साली हजारो कैदी कोंबलेले होते; चिखलात उभे राहून कित्येकांचे पाय सडले. देशभरात कैद्यांची संख्या सव्वा लाखाच्या घरात गेली. न्यायाधीश मारले गेले होते अथवा परागंदा झाले होते. या गतीने खटले संपावयास शंभराहून अधिक वर्षे लागतील, असा हिशेब निघाला. संयुक्त राष्ट्रांचे न्यायालय टांझानियातील आरुशा येथे बसले होते खरे, आणि 1998 च्या अकायेसू खटल्यात बलात्कार हेही वंशसंहाराचे साधन ठरू शकते हा थोर निर्णय तेथेच झाला. तो देणाऱ्या न्यायमूर्तींत दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या. पण त्या न्यायालयाने आरोप ठेवले ते अवघ्या 93 जणांवर.

तेव्हा गवताची आठवण झाली. 2001 साली लोकांनी अडीच लाखांवर पंच निवडले. पूर्वी या बैठकांत स्त्रियांना स्थान नव्हते, आता त्याही पंच झाल्या. 2002 मध्ये प्रयोग सुरू झाला, 2005 पासून तो देशभर पसरला. सुमारे बारा हजार न्यायालयांनी एकोणीस लाखांवर प्रकरणे निकाली काढली. त्यांतील बहुसंख्य लुटालुटीची होती. गुन्हा कबूल करणाऱ्याची शिक्षा कमी होई. म्हणून कैदी बोलू लागले आणि मृतांचे पत्ते लागले. कोणत्या विहिरीत, कोणत्या केळीच्या बागेत मुलाला पुरले, हे कळल्यावर आईने हाडे धुऊन पुरली. वाचलेल्यांच्या लेखी शिक्षेच्या वर्षांहून याचेच मोल अधिक होते.

आरोपीला वकील मिळत नसे. मानवी हक्कांच्या संघटनांनी यावर कठोर आक्षेप घेतला, आणि तो रास्तच होता. परंतु इतके वकील त्या देशात होतेच कोठे? जुनी भांडणे फेडण्यासाठी खोट्या साक्षीही झाल्या. खऱ्या साक्षी देणाऱ्यांपैकी काहींचे प्राण गेले.

याहून खोल उणीव वेगळीच होती. विजयी सैन्याने केलेल्या हत्यांचा विचार गचाचापुढे होऊ नये, अशी तरतूद 2004 च्या कायद्याने पक्की केली. ओळखपत्रावरील जमात पुसली गेली, हे योग्यच झाले. पण 2008 च्या कायद्याने 'संहाराची विचारसरणी' हा गुन्हा इतक्या संदिग्ध शब्दांत बांधला, की हुतू मृतांविषयी बोलणेही धोक्याचे ठरले.

दक्षिणेतील किबेहो गावी 1994 साली चर्चमध्ये आसऱ्याला आलेले हजारो तुत्सी मारले गेले. त्याच गावच्या निर्वासित छावणीवर एप्रिल 1995 मध्ये नव्या सैन्याने गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा 338 सांगितला. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेतील ऑस्ट्रेलियन सैनिकांचा अंदाज चार हजारांचा होता. चर्चमधील मृतांचे तेथे स्मारक आहे. छावणीतील मृतांच्या नावाने कोणत्याही टेकडीवर गचाचा भरली नाही, आणि 18 जून 2012 रोजी ती न्यायालये समारंभपूर्वक बंद झाली.