मराठा घोडदळ (उदगीर मोहीम)

उदगीर मोहीम म्हणजे पेशव्यांचे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊंनी इ.स. १७५९-६० मध्ये हैदराबादच्या निजामाविरुद्ध केलेली स्वारी होय. तिच्यात मराठ्यांचे हलके घोडदळ आणि निजामाकडील मोगली वळणाचे जड घोडदळ हे युद्धाचे दोन निराळे विचार समोरासमोर आले.

मराठा स्वारांचे मूळचे दोन वर्ग होते. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. बारगिरांची पथके ज्या सरकारी तबेल्याशी जोडलेली असत त्याला पागा म्हणत. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर हजारी अशी उतरंड होती. पंचवीस घोड्यांमागे पखालजी (पाणी वाहणारा) व नालबंद (नाल ठोकणारा) नेमलेले असत आणि शिलेदारही पागेच्या हुकमतीत ठेवले जात. पेशवाईत हा जम सैल झाला, सरंजामी सरदारांची पथके वाढली आणि पेशव्यांच्या थेट ताब्यातील हुजुरात तेवढी पागेच्या जुन्या शिस्तीजवळ राहिली. कोणत्याही पथकात न मोडता एकट्याने चाकरी करणारे एकांडे याच काळातले असून, ‘एकांडा शिलेदार’ हा आजचा वाक्प्रचार त्यांचीच आठवण आहे. पेंढारी मात्र पगारी स्वार नव्हते. ते लुटीवर जगत.

जड घोडदळातील स्वार जिरहबख्तर, म्हणजे कड्यांचे चिलखत, घालत आणि काही घोड्यांवरही पाखर, म्हणजे पोलादी झूल, असे. अशा घोडदळाचा एकवटलेला हल्ला भारी पडे, पण त्याला वैरण व चंदी मोठ्या प्रमाणात लागे आणि मागे सामानाचा तांडा ठेवावा लागे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्यावर भाला, तलवार व ढाल एवढ्याच सरंजामानिशी बसलेला मराठा स्वार समोरासमोरची झुंज टाळून याच तांड्यावर घाला घाली.

उदगीरच्या परिसरात नेमके हेच घडले. निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली यांची फौज धारूरकडील कुमक गाठण्यासाठी उदगीरहून औशाच्या वाटेला लागली, तेव्हा तिने तोफा, बुणगे (लढाऊ नसलेला लवाजमा) आणि स्वार एकत्र बांधून चालता गोल केला. मराठा स्वारांनी त्याच्या चोहोबाजूंनी फिरत रसद तोडली, वाट रोखली आणि त्याची चाल जवळजवळ थांबवली. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ निकराची लढाई होऊन निजामाचा पराभव झाला. तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणी मराठ्यांकडे आली. या विजयाचे श्रेय बहुधा मराठ्यांकडील इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याला दिले जाते आणि त्याचे काम खरोखरच मोठे होते. तरीही तोफांच्या माऱ्यात सापडलेला शत्रू आधीच कोंडलेला व उपाशी होता, आणि तो तसा करणे हे स्वारांचेच काम होते, हे विसरणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

मार्च १७६० मध्ये भाऊंची फौज मराठवाड्यातील परतूरहून उत्तरेकडे निघाली. अफगाण बादशहा अहमदशाह अब्दालीविरुद्ध पानिपतावर मात्र भूमिका उलटल्या. तोफखाना, बुणगे व यात्रेकरू यांनी जखडलेली मराठा छावणीच अडकली. अब्दालीची रसद तोडण्याचे, उदगीरला साधलेले काम मराठा सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या स्वारांकडे होते, पण डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे गोल बांधून बाहेर पडले, तेव्हा त्यांची घोडी वैरणीवाचून खंगलेली होती.