खाते ग्वाल्हेरला, वारस गोव्यात: सहकारी ठेवींच्या वारशाचे दोन कायदे

ग्वाल्हेरच्या किल्ल्यात शिंदे घराण्याचा गुप्त खजिना असे. त्याला ‘गंगाजळी’ म्हणत. तळघरांची वाट दाखविणारे बीजक केवळ गादीवरील महाराजांना ठाऊक असे, अशी परंपरागत हकीकत आहे. १८८६ मध्ये महाराज जयाजीराव निवर्तले, तेव्हा वारस माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. बीजक त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही आणि खजिन्याचा शोध पुढे बराच काळ चालला, असे सांगतात. संपत्ती होती, वारसही निर्विवाद होता; मधला दुवा तेवढा निखळला होता.

सहकारी बँकेतील वा पतसंस्थेतील ठेवींच्या बाबतीत हा दुवा म्हणजे नामनिर्देशन, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम दिली की बँक जबाबदारीतून मुक्त होते; रक्कम त्या व्यक्तीच्या मालकीची होत नाही. बँक ठेवींविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राम चंदर तलवार खटल्यात हेच सांगितले. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील दाव्यात १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर व रोख्यांबाबतही तोच निर्णय झाला. नामनिर्देशित हा विश्वस्तासारखा असतो. मालक कोण, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरविते.

गोमंतकीयांसाठी खरा प्रश्न येथूनच सुरू होतो, कारण वारसा कायदा कोणता, हे खाते कोठे आहे यावर अवलंबून नसते. समजा, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका सहकारी बँकेत दोघांची प्रत्येकी ६ लाख रुपयांची ठेव आहे. दोघेही हिंदू, दोघांच्याही मागे पत्नी, दोन मुले आणि आई. एक तेथलाच पिढीजात रहिवासी, दुसरा नोकरीनिमित्त गेलेला पण कायमचा अधिवास गोव्यातच असलेला. दोघांनीही पत्नीचे नामनिर्देशन केले, मृत्युपत्र कोणीच केले नाही.

पहिल्याला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. पत्नी, दोन्ही मुले आणि आई हे समान वारस. प्रत्येकाला दीड लाख. रक्कम पत्नीच्या हाती आली तरी सासूचा वाटा तिला द्यावाच लागतो, आणि नेमके हेच अनेक घरांत कोणाच्या ध्यानी नसते. दुसऱ्याच्या बाबतीत गोव्याचा कायदा प्रथम पती-पत्नीची समाईक मालकी पाहतो. विवाहपूर्व करार नसेल तर ३ लाख मुळातच पत्नीचे, खाते एकट्या पतीच्या नावे असले तरीही. उरलेले ३ लाख दोन्ही मुलांचे. संतती असल्याने आईला वारसा मिळत नाही. बँक तीच, अर्जाचा नमुना तोच, वाटणी मात्र पूर्णतः निराळी. गोव्याचा अधिवास असलेल्यांच्या राज्याबाहेरील मालमत्तेलाही गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, हे १३ सप्टेंबर २०१९ च्या जुझे पावलो कुतिन्हो निकालाने स्पष्ट झाले. त्या दाव्यातील मालमत्ता मुंबईतील होती.

मृत्युपत्रातही हाच भेद आहे. ग्वाल्हेरचा हिंदू रहिवासी आपली स्वकष्टार्जित ठेव दोन साक्षीदारांसमक्ष केलेल्या मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. गोमंतकीयाला मुले असतील तर स्वतःच्या अर्ध्या हिश्श्यातील निम्म्याचीच मोकळीक असते. वरील उदाहरणात ६ पैकी दीड लाखाची.

संस्था कोणत्या प्रकारची, हेही पाहिले पाहिजे. मध्य प्रदेशात पतसंस्थेच्या फलकावर ‘साख सहकारी संस्था मर्यादित’ असे शब्द आढळतात. नावात सहकार असला तरी ती बँक नव्हे. सहकारी बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, टक्केवारीने किंवा एकामागून एक. पतसंस्थेत मात्र राज्याचा सहकार कायदा आणि संस्थेचे उपविधी चालतात.

भागांचा विसर तर हमखास पडतो. सभासद ठेवीसाठी नाव देतो. भागभांडवलासाठी वेगळी नोंद लागते, हे त्याला कोणी सांगत नाही. शिवाय सभासदाचे कर्ज थकीत असेल तर संस्था प्रथम ते भाग व ठेवींतून वळते करून घेते. मृत सभासद कोणाच्या कर्जाला जामीन राहिला होता का, हेही वारसांनी विचारून घ्यावे.

नामनिर्देशन नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार सहकारी बँकेने ५ लाखांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीने, म्हणजे हमीपत्र व अन्य वारसांची संमती घेऊन, निकाली काढावयाचे आहेत. कागदपत्रे पूर्ण झाल्यावर मुदत १५ दिवसांची. त्यावरील रकमेसाठी किंवा वाद असल्यास उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. ते मृत व्यक्तीच्या सामान्य निवासाच्या जिल्ह्यातील न्यायालय देते आणि देशभर चालते. गोव्यात अशा वाटणीसाठी इन्व्हेंटरीचा मार्ग आहे. त्यात ग्वाल्हेरच्या खात्याचा उल्लेख आवर्जून करावा.

दहा वर्षे न मागितलेली बँक ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. वारसांना ती नंतरही मागता येते आणि शोधासाठी ‘उद्गम’ संकेतस्थळ आहे. पण पतसंस्थांच्या ठेवी त्यावर दिसत नाहीत. तेथे पासबुक, ठेव पावती आणि भाग प्रमाणपत्र हाच पुरावा. त्यांची जागा घरातील किमान एकाला माहीत असावी. पासबुकावरील नाव देवनागरी हिंदीत, आधारवरील इंग्रजीत आणि पत्नीचे नाव कोठे माहेरचे तर कोठे सासरचे असेल, तर ही विसंगती खातेदार हयात असतानाच एका अर्जाने दुरुस्त होते. नंतर त्यासाठीच प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, आणि तीही दूरच्या शहरात खेटे घालून.