ख्रिस्ती दारावरील शरदाचें तोरण

जुबिलीच्या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी आणि धर्मगुरूंची नामावली यांविषयीं लिहावयाचें अशी रीत आहे. तें काम इतरांनीं केलें आहे. मला येथें लिहावयाचें तें एका लहानशा वस्तूविषयीं: आश्विनांत घराच्या चौकटीवर जें तोरण बांधलें जातें, किंवा बांधावें कीं नाहीं या शंकेनें राहून जातें, त्याविषयीं. कुंभारीच्या ख्रिस्ती बंधुभगिनींकडून हा प्रश्न मला दरसाल विचारला जातो, आणि तोही बहुधा दबक्या आवाजांत. एखाद्या घरीं सून तोरण गुंफते व सासू तें उतरवून ठेवते. दोघीही ख्रिस्तावरील निष्ठेपोटींच तसें करितात.

ही शंका अठराशें वर्षांची जुनी आहे. रोमन लोक सम्राटाच्या उत्सवांत दारांस लॉरेलच्या डहाळ्या बांधीत व दिवे लावीत. सुमारें इ. स. २०० मध्यें कार्थेज येथील टर्टुलियन या ग्रंथकारानें मूर्तिपूजेवर जें पुस्तक लिहिलें, त्यांत या चालीवर कडक कोरडे ओढले आहेत. बिजागरीची कार्डिया, दाराचा फोर्क्युलस, उंबरठ्याचा लिमेंटिनस असे एकेका भागाचे देव रोमन लोक मानीत. तेव्हां दार शृंगारणें म्हणजे त्यांस मान देणें, असा त्याचा युक्तिवाद होता. एका ख्रिस्ती गृहस्थाच्या गुलामांनीं त्यास न विचारतां दारास हार बांधला, तर त्याच रात्रीं त्या गृहस्थास दृष्टांतांत शिक्षा झाली, असें तो सांगतो! टर्टुलियन मोठा विद्वान खरा. परंतु हाच कडकपणा त्यास पुढें माँटेनसच्या पाखंडी पंथांत घेऊन गेला, हेंही विसरूं नये.

चारशें वर्षांनीं वारें पालटलें. इ. स. ६०१ मध्यें पोप थोर ग्रेगरी यांनीं इंग्लंडांतील धर्मप्रसारकांसाठीं मेलिटस यांस पत्र लिहिलें. देवळें पाडूं नका, आंतील मूर्ति काढून पवित्र पाणी शिंपडा. आणि देवळाच्या सणाच्या दिवशीं लोकांना भोंवतालीं झाडांच्या डहाळ्यांचे मांडव घालूं द्या, असा त्याचा आशय होता. या आज्ञेस जुन्या करारांत आधार आहे. लेवीयच्या तेविसाव्या अध्यायांत पीक गोळा झाल्यावर पानांच्या डहाळ्या घेऊन सात दिवस मांडवांत राहून देवापुढें आनंद करावा असें सांगितलें आहे, आणि तो महिना आपल्या आश्विनाच्याच सुमाराचा.

आपल्या देशांत हें वारें कधीं इकडून, कधीं तिकडून वाहिलें. मदुरेच्या रॉबर्ट दे नोबिली यांचें म्हणणें मान्य करून पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं १६२३ सालीं जानवें, शेंडी व गंध यांस अंधश्रद्धा वगळून परवानगी दिली. उलट गोव्याच्या इन्क्विझिशनच्या १४ एप्रिल १७३६ च्या हुकुमानें धोतर, चोळी, दारची तुळस, सारेंच निषिद्ध ठरविलें. माझ्या मतें तो हुकूम श्रद्धेपेक्षां भयानें अधिक लिहिला गेला. १७३९ पासून धर्मप्रसारकांस मलबारी रीतींविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती १९४० सालीं रोमनें रद्द केली. १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजानें तर लोकांच्या ज्या चाली भ्रामक समजुतींशीं जखडलेल्या नाहींत त्यांचें आदरानें जतन करावें असेंच म्हटलें. मुंबईकडील ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेरा साजरा करितात, गोव्याचे बांधव ऑगस्टमध्यें कणसांचें फेस्त करितात. दोन्हीकडे भाताचीं नवीं कणसें आशीर्वादित करून घरीं नेलीं जातात.

आतां झेंडूची गोष्ट. हें फूल मूळचें मेक्सिकोचें. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर तें आपल्या देशांत रुजलें. कन्नडांत यास चेंडू हूव व तेलुगूंत बंती पुव्वू म्हणतात. दोन्हींचा अर्थ चेंडूसारखें फूल. मेक्सिकोंतले कॅथॉलिक २ नोव्हेंबरला याच फुलांनीं आपल्या मृतांच्या कबरी शृंगारितात. म्हणजे ज्या फुलास आपण 'त्यांचें' म्हणून बिचकतों, तें ज्या देशांतून आलें तेथें तें ख्रिस्ती स्मशानांत फुललेलें आहे.

कुंभारीस भात नाहीं. येथें आश्विनांत शाळवाची पेरणी चाललेली असते आणि घरांत बाजरी आलेली असते. म्हणून आपल्या तोरणांत बाजरीचीं कणसेंच शोभतात. सुतळी घ्यावी, प्लास्टिकची दोरी नको. आंब्याचीं पानें एका मापाचीं निवडून देंठाशीं दुमडावीं व ओवावीं, दर पांच पानांमागें दाभणानें झेंडूचें फूल ओवावें, आणि मध्यभागीं कणसांची जुडी क्रुसाच्या आकारांत बांधावी. या गांवांत २००६ सालीं विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. सारीं दारें एकसारखीं. दिवसभर विडीस दोरा गुंडाळणाऱ्या बोटांस तोरण शिकवावें लागत नाहीं, आणि एकसारख्या दारांत आपलें दार तोरणानेंच ओळखूं येतें.

तरुण मंडळी परदेशी चित्रें पाहून गोल कडें करूं म्हणतात. जर्मनींत हांबुर्ग येथें विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकांनीं १८३९ सालीं आगमनकाळाचें मेणबत्त्यांचें कडें केलें व पुढें तें कॅथॉलिकांनींही घेतलें, तेव्हां आकारास माझी हरकत नाहीं. परंतु आपल्याकडे पुष्पचक्र म्हटलें कीं मयताची आठवण होते. दाराशीं तें पाहून म्हातारीं माणसें दचकतात, आणि त्यांचें दचकणें मी रास्त समजतों. दृष्ट लागूं नये म्हणून लिंबू-मिरची मात्र तोरणांत कदापि नको. भय घालविण्यासाठीं बांधलेली वस्तु आणि आभार मानण्यासाठीं बांधलेली वस्तु एकाच खिळ्यावर राहूं शकत नाहींत.

दिवस कोणता, असें विचाराल तर ७ ऑक्टोबर, जपमाळेच्या राणीचा सण. पोप तेरावे लिओ यांनीं १८८३ सालीं ऑक्टोबर महिना जपमाळेस वाहिला. आणि रोझरी या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ गुलाबांची बाग, गुलाबांचा हार असाच होतो. त्या दिवशींच्या मिस्सेस तोरणें आणावींत. आशीर्वाद देऊन तीं परत दिलीं जातील.

आशीर्वादित तोरण सुकल्यावर उकिरड्यावर टाकूं नये. झावळ्यांच्या रविवारचीं पानें जाळून आपण राखेच्या बुधवारची राख करितों, तसें तें जाळावें किंवा झाडाच्या मुळाशीं पुरावें. त्याआधीं कणसांतले दाणे चिमण्यांस टाकावे.