कल्याणचा खजिना पडद्यावर, मलंगगड मात्र उपेक्षित

मराठी ऐतिहासिक चित्रपटाच्या आरंभीच कल्याण परिसर पडद्यावर आला. बाबुराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२३ मध्ये 'सिंहगड' व पाठोपाठ १९२४ मध्ये 'कल्याण खजिना' हे मूकपट काढले. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले, तेव्हाच्या खजिन्याची ही कथा. इंग्रजी अमलात स्वराज्याविषयी बोलण्यास सतराव्या शतकाचा आडोसा सोयीचा होता. पण तोही नेहमी पुरला नाही. व्ही. शांताराम यांच्या 'स्वराज्याचे तोरण'ला सेन्सॉरने हरकत घेतली आणि १९३० मध्ये तो मूकपट 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला.

१९४७ नंतर ती अडचण संपली, सवय मात्र राहिली. भालजी पेंढारकरांच्या 'छत्रपती शिवाजी'पासून (१९५२) 'पावनखिंड'पर्यंत (२०२२) पडद्यावर प्रामुख्याने राज्य उभे राहताना दिसते. ते इंग्रजांच्या हाती कसे गेले, हे क्वचितच. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) हा उत्तम चित्रपट रँडच्या वधाचा, म्हणजे परकी सत्ता स्थिरावल्यानंतरचा.

विषयांची वानवा आहे असे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या प्रवाशांना परिचित असलेल्या मलंगगडावर १७८० मध्ये कॅप्टन अॅबिंग्टनच्या तुकडीने हल्ला केला. खालचा गड पडला. वरचा मराठी शिबंदीने सोडला नाही. त्याच वर्षी कल्याण इंग्रजांकडे गेले. प्रसंग नाट्यपूर्ण, पण गैरसोयीचा; कारण या युद्धाचे मूळ पेशवाईच्या गादीसाठी रघुनाथरावांनी १७७५ मध्ये इंग्रजांशी केलेल्या सुरतेच्या तहात होते.

आफ्रिकी दिग्दर्शकांनी नेमका असाच गैरसोयीचा इतिहास उचलला. मॉरिटानियाच्या मेद होंदो यांच्या 'सारावुनिया'त (१९८६) १८९९ च्या फ्रेंच फौजेची जाळपोळ आणि तिला तोंड देणारी अझना राणी आहे. कथा नायजरची, चित्रीकरण मात्र बुर्किना फासोत करावे लागले. सेनेगलचे उस्मान सेंबेन त्याहून पुढे गेले. त्यांच्या 'सेडो'त (१९७७) गोरा व्यापारी बंदुकांच्या बदल्यात गुलाम नेतो आणि राजदरबार आपल्याच कलहात गुंतलेला असतो. स्वतंत्र सेनेगलमध्येही या चित्रपटावर बंदी आली. सरकारने कारण पुढे केले ते नावातल्या एका अक्षराच्या द्वित्वाचे.