पिकअप ट्रक : रोजच्या वापरातील इंजिनाची ताकदवाढ

ताकदवाढ म्हणजे कारखान्यातून आलेल्या इंजिनात फेरफार करून किंवा त्याला बाहेरचे सुटे भाग जोडून अश्वशक्ती व टॉर्क वाढवणे. शर्यतीच्या गाडीला वेळ ही एकच कसोटी असते. रोज कामावर नेणारी, शनिवारी विटा-सिमेंट वाहणारी आणि सुटीत ट्रेलर ओढणारी पिकअप मात्र सकाळी एका चावीत सुरू झाली पाहिजे, अॅव्हरेज धरून राहिली पाहिजे आणि सरकारी तपासणीतही पास झाली पाहिजे. ताकदवाढीचा कोणताही भाग घेताना तो यातले काय बिघडवतो, हे आधी पाहावे.

हा छंद आणि त्याभोवतीचा धंदा मुख्यतः अमेरिकेत फोफावला. फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी मोटारीच्या मागे हौदा बसवून कारखान्यात तयार झालेली पिकअप २८१ डॉलरला विकायला काढली. तिचे इंजिन २० अश्वशक्तीचे होते. त्याच कंपनीच्या एफ-१५० मध्ये २०११ च्या मॉडेलपासून मिळू लागलेले साडेतीन लिटरचे, दोन टर्बोंचे व्ही-६ इंजिन ३६५ अश्वशक्ती आणि सुमारे ५७० न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. अशी रिकामी पिकअप सपाट महामार्गावर ताशी १०५ किलोमीटरने धावती ठेवायला ढोबळमानाने ३५ ते ४० अश्वशक्ती पुरते. उरलेली ताकद लागते ती चढाला, ओव्हरटेकला आणि ट्रेलर ओढताना. म्हणून रोजच्या गाडीत मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर मिळणाऱ्या कमाल अश्वशक्तीपेक्षा १,५०० ते ३,००० फेऱ्यांतला टॉर्क मोलाचा. जाहिरातीत मात्र छापतात ती कमाल अश्वशक्ती.

खूप खपणारा भाग म्हणजे 'कोल्ड एअर इनटेक'. बहुतेक नव्या गाड्या मुळातच मडगार्डजवळची थंड हवा ओढतात. त्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला, तर बॉनेटखालची तापलेली हवा आत जाते. तेल लावायच्या फिल्टरला तेल जास्त झाले, तर हवा मोजणारा सेन्सर माखतो. नैसर्गिक श्वसनाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनात एवढ्याने वाढते ती थोडी ताकद आणि बराच आवाज. सायलेन्सर बदलण्याचेही तेच. शोरूमबाहेर रुबाबदार वाटलेला आवाज महामार्गावरच्या ठरावीक फेऱ्यांना केबिनमध्ये घुमत राहतो आणि तासाभरात डोके उठवतो.

इंजिन चालवणाऱ्या संगणकातली माहिती बदलणे, म्हणजे रिमॅप, हा टर्बो गाडीत खरोखर परिणाम करणारा उपाय आहे. टर्बोचा दाब व इंधन वाढवून कित्येकदा पंधरा-वीस टक्के वाढ मिळते. बिनटर्बो इंजिनात ती नगण्य असते. पण पेट्रोल इंजिनात त्यासाठी बहुधा जास्त ऑक्टेनचे महाग इंधन कायमचे भरावे लागते, नाहीतर नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे, सुरू होते. शिवाय वाढलेला टॉर्क जातो गिअरबॉक्समधूनच. ट्रेलर ओढणाऱ्याने आधी गिअरबॉक्सचा ऑइल कूलर पाहावा, रिमॅप नंतर.

ज्या बदलाने गाडी सर्वांत जास्त सुधारते, तो इंजिनात नसतोच; तो असतो मागच्या अॅक्सलच्या गिअर-प्रमाणात. ३१ इंची टायर काढून हौसेने ३५ इंची घातले, की ३.७३ चा मागचा गिअर प्रत्यक्षात ३.३० सारखा वागू लागतो. गाडी सुस्त होते, गिअर सतत खाली पडतो, आणि मीटर १०० दाखवतो तेव्हा वेग ११३ असतो. मूळची ओढ परत मिळवायला सुमारे ४.२ चे प्रमाण हवे, म्हणजे बाजारात मिळणारे ४.१० किंवा ४.३०. हे न करता सुपरचार्जरला हजारो डॉलर घालणारे बरेच असतात. टायर मूळ मापाचे ठेवणे याहून स्वस्त.

कायद्याची बाजूही मोठी आहे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार उत्सर्जन-नियंत्रक यंत्रणा काढणे बेकायदेशीर आहे. कॅलिफोर्नियात उत्सर्जनावर परिणाम करू शकणाऱ्या भागाला राज्याच्या हवा मंडळाचा सूट-क्रमांक लागतो. तरीही दशकभरात देशात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांची उत्सर्जन-नियंत्रक यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये मांडला. वॉरंटीबाबत १९७५ चा कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे कंपनीने दाखवावे लागते. रिमॅपनंतर पिस्टन वितळला, तर ते दाखवणे कंपनीला फारसे अवघड जात नाही.

महाराष्ट्रात पिकअप म्हणजे मुख्यतः भाजीपाला, दूध आणि द्राक्षाचे क्रेट वाहणारी डिझेल गाडी. 'गाडी ओढत नाही' या तक्रारीमागे इथे बहुधा तुंबलेला एअर फिल्टर वा डिझेल फिल्टर, घसरणारा क्लच, धरून बसलेला ब्रेक किंवा टर्बोची हवा नेणारा, फाटलेला इंटरकूलर होज निघतो. होज तपासणे सोपे आहे : क्लिपजवळ तेलाचा ओलावा दिसतो आणि लोडवर चढ चढताना सूं असा आवाज येतो. तो बदलला की हरवलेली ताकद परत येते. हे सारे सोडून रिमॅपची पेटी जोडणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.